पारोची समाधी आणि मेजर गिलची नजर : अजिंठ्याच्या 'पाहण्या'चा इतिहास

प्रस्तावना

सन २०१२ मध्ये नितीन चंद्रकांत देसाई यांनी दिग्दर्शित केलेला 'अजिंठा' हा मराठी चित्रपट प्रदर्शित झाला. कवी ना. धों. महानोर यांच्या याच नावाच्या दीर्घकवितेवर तो आधारलेला होता. मद्रास सैन्यातील अधिकारी रॉबर्ट गिल आणि लेण्यांच्या परिसरातील तरुणी पारो यांची प्रेमकथा हा त्याचा विषय. गिलची भूमिका फिलिप स्कॉट वॉलेस यांनी, तर पारोची सोनाली कुलकर्णी यांनी केली. चित्रपट म्हणून त्याची चर्चा आज क्वचितच होते. तथापि त्याचा एक परिणाम टिकून राहिला आहे. अजिंठ्याच्या वाटेवर आणि कित्येकदा आपल्या वर्गांतही गिल आणि पारो यांची कथा सिद्ध इतिहास म्हणून सांगितली जाते. कवीने आणि दिग्दर्शकाने आपल्या अधिकारात जे कल्पिले, ते आता साधनांच्या जागी येऊन बसले आहे.

महानोर हे अजिंठ्याच्या डोंगरालगतच्या पळसखेड्याचे. देसाई हे मुळात कलादिग्दर्शक, पडद्यासाठी गतकाळाच्या वास्तू पुन्हा उभ्या करणारे. दोघांचेही निधन ऑगस्ट २०२३ मध्ये एका दिवसाच्या अंतराने झाले : देसाई २ तारखेला गेले, महानोर ३ तारखेला. त्यांच्या कलाकृतींविषयी आदर बाळगूनही इतिहासाच्या अभ्यासकाला काही प्रश्न वेगळेपणाने विचारावे लागतात. प्रस्तुत निबंधात त्यांपैकी एकच प्रश्न घेतला आहे. अजिंठ्यात कोण कोणाकडे पाहत होते, आणि जिच्याकडे पाहिले गेले तिच्या वाट्याला साधनांमध्ये किती जागा आली? एकटेपणा, चोरटे पाहणे आणि अभिलाषा या तीन गोष्टी अजिंठ्याच्या आधुनिक इतिहासात इतक्या एकमेकींत गुंतलेल्या आहेत की, एकीला हात घातला की उरलेल्या दोघी आपोआप समोर येतात.

दरीच्या काठावरून

लेण्यांच्या आधुनिक इतिहासाचा आरंभ शिकाऱ्याच्या नजरेने होतो. मद्रास घोडदळाच्या २८ व्या पलटणीतील जॉन स्मिथ हा अधिकारी वाघाच्या शिकारीसाठी वाघूर नदीच्या दरीत आला असता त्याला लेणे दिसले. दहाव्या क्रमांकाच्या चैत्यगृहातील एका स्तंभावर त्याने आपले नाव आणि २८ एप्रिल १८१९ ही तारीख कोरून ठेवली. पाहिलेल्या वस्तूवर आपली खूण उमटविण्याची ही पहिली नोंद होय. 'शोध' हा शब्द येथे जपून वापरावा लागतो. डोंगरातील भिल्लांना आणि गुराख्यांना ही जागा ठाऊकच होती. १८२४ साली आलेल्या लेफ्टनंट जेम्स अलेक्झांडर याला वाटेतल्या लोकांनी वाघांची आणि भिल्लांची भीती घातल्याचा वृत्तान्त आहे. ज्यांना जागा माहीत नाही ते तिच्याविषयी अशी भीती घालत नाहीत.

याच संदर्भात एक योगायोग नमूद करण्यासारखा आहे. सप्टेंबर १८०३ मधील असईच्या लढाईनंतर वेलस्लीच्या फौजेतील जखमींना अजिंठा गावीच ठेवण्यात आले होते. लेणी तेथून काही कोसांवर होती. जखमी सैनिकांना त्या दरीची ओढ लागण्याचे कारण नव्हते, शिकाऱ्याला होते. पाहण्यासाठी आधी काहीतरी हवेसे वाटावे लागते, हे इतके साधे आहे.

जेम्स फर्ग्युसन याने १८४३ मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे भारतातील शैलगृहांविषयी निबंध वाचला आणि चित्रांच्या नाशाकडे लक्ष वेधले. डॉ. जेम्स बर्ड याने तर भित्तिचित्रांचे तुकडेच खरवडून नेण्याचा उद्योग केला होता. सोसायटीच्या विनंतीवरून ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांनी चित्रांच्या नकला करून घेण्याचे ठरविले आणि १८४४ साली या कामावर कॅप्टन रॉबर्ट गिल याची नेमणूक झाली. गिलचा जन्म १८०४ चा. म्हणजे चाळिशीच्या उंबरठ्यावरचा हा सैनिक निजामाच्या मुलखातील एका आडबाजूच्या गावी, बारादरीत येऊन राहिला आणि पुढील जवळजवळ वीस वर्षे, १८६३ पर्यंत, लेण्यांच्या भिंतींकडे पाहत राहिला.

या वीस वर्षांच्या पाहण्याचे स्वरूप नीट समजून घेणे अगत्याचे आहे. मूळ चित्रे पाचव्या शतकात, वाकाटक नृपती हरिषेणाच्या काळात, मातीच्या लेपावर चुन्याचा पातळ थर देऊन रंगविलेली. गिलने ती मोठ्या कापडांवर तैलरंगांत उतरविली. माध्यम वेगळे, प्रकाश अपुरा, दमट हवा, हिवतापाचा प्रदेश. तयार झालेली चित्रे लंडनला जात आणि तेथे सिडनहॅमच्या काचमहालात, म्हणजे क्रिस्टल पॅलेसमध्ये, प्रेक्षकांसाठी टांगली जात. डिसेंबर १८६६ मध्ये त्या महालाला आग लागली आणि गिलच्या आयुष्याचे बहुतेक काम एका रात्रीत जळाले. चार-पाच चित्रे तेवढी वाचली. ती व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाच्या संग्रहात आहेत.

नकला करताना चित्रे स्पष्ट दिसावीत म्हणून एकोणिसाव्या शतकातील नक्कलकारांनी भिंतींवर व्हार्निश चढविले. काळाच्या ओघात ते पिवळे पडले, त्याखालचे रंग झाकोळले, काही ठिकाणी पापुद्रे सुटले. अधिक स्पष्ट पाहण्याच्या हव्यासाने पाहण्याची वस्तूच अंधुक केली. संवर्धनशास्त्राच्या पुस्तकात याची नोंद तांत्रिक चूक म्हणून होईल. इतिहासाच्या दृष्टीने ते अभिलाषेचे वर्तन आहे.

चित्रकलेबरोबर गिल छायाचित्रणाकडे वळला. १८६४ साली त्याच्या छायाचित्रांचे दोन ग्रंथ लंडनमध्ये फर्ग्युसनच्या मजकुरासह प्रसिद्ध झाले. त्यांपैकी एकात पश्चिम भारतातील वास्तू आणि वन्य जीव यांची शंभर स्टिरिओस्कोपिक चित्रे आहेत. स्टिरिओस्कोप हे यंत्र आजच्या वाचकाला अपरिचित असण्याचा संभव आहे. एकाच दृश्याची किंचित भिन्न कोनांतून घेतलेली दोन चित्रे शेजारीशेजारी ठेवून दोन भिंगांतून पाहिली की सपाट चित्राला खोली येते. १८५१ च्या लंडन प्रदर्शनानंतर इंग्लंडमधील घराघरांत त्याची आवड पसरली होती. या यंत्राचा गुणधर्म असा की एका वेळी एकच माणूस त्यातून पाहू शकतो. डोळे भिंगांना चिकटवून तो दूरच्या दरीत शिरतो. त्याच्या शेजारी बसलेल्यांना काहीच दिसत नाही आणि दरीतील कोणालाही त्याचा पत्ता नसतो. दख्खनचे मंदिर, त्याच्या पायरीवर बसलेला माणूस, शिकार केलेले जनावर या सर्वांचे दर्शन लंडनच्या दिवाणखान्यात अशा खाजगीपणाने घेतले जात असे. दर्शनलोलुपतेला त्या काळाने दिलेले हे सभ्य रूप म्हणता येईल.

एका जपानी चित्रपटाचा आधार

संग्रहासाठी आलेला माणूस संग्रहाच्या जागीच अडकतो, ही कल्पना चित्रपटाच्या माध्यमातून सर्वांत निष्ठुरपणे मांडली गेली ती जपानमध्ये. कोबो आबे यांच्या १९६२ च्या कादंबरीवर हिरोशी तेशिगाहारा यांनी १९६४ साली 'सुना नो ओन्ना', म्हणजे 'वाळूतली स्त्री', हा चित्रपट केला. कान महोत्सवात त्याला परीक्षकांचे विशेष पारितोषिक मिळाले. आपल्याकडे फिल्म सोसायट्यांच्या वर्तुळाबाहेर तो फारसा कोणी पाहिलेला नाही, म्हणून कथासूत्र थोडक्यात सांगणे इष्ट होईल. एक शिक्षक कीटक जमविण्यासाठी समुद्राकाठच्या वाळूच्या टेकड्यांत येतो. परतीची शेवटची बस चुकते. गावकरी त्याला दोराच्या शिडीने वाळूच्या एका खोल खड्ड्यातील विधवेच्या घरी मुक्कामाला उतरवितात आणि सकाळी शिडी नाहीशी झालेली असते. रात्रभर वाळू उपसली नाही तर घर गाडले जाईल, म्हणून त्या स्त्रीला जोडीदार हवा आहे. पुढे एका रात्री खड्ड्याच्या काठावर मुखवटे आणि मशाली घेऊन गाव जमते. समुद्र पाहू देण्याच्या बदल्यात त्या दोघांनी आपल्या डोळ्यांदेखत संग करावा, अशी त्यांची मागणी असते. शिक्षक ती मान्य करू पाहतो; स्त्री सर्व बळ एकवटून त्याला झिडकारते.

या प्रसंगाचा अजिंठ्याशी संबंध जोडण्याचे कारण असे की, तेशिगाहारांनी पाहण्याची उतरंड उघड करून दाखविली आहे. कीटकांकडे भिंगातून पाहणारा माणूस स्वतः काठावरच्या डोळ्यांचा कीटक होतो. मात्र दोघे सारख्याच खड्ड्यात असूनही दोघांची स्थिती सारखी नाही. पुरुषाला सुटकेचे आमिष आहे, म्हणून तो स्त्रीला पणाला लावू शकतो. स्त्रीला जायला दुसरी जागाच नाही. गिल आणि पारो यांच्या कथेकडे पाहताना हा फरक डोळ्यांआड होता कामा नये. अजिंठ्याच्या नालाकार दरीत गिलदेखील अडकला, एकाकी झाला, हे खरे. पण त्याच्या हातात शिडी होती : पगार, पद, कंपनीचा पत्रव्यवहार, लंडनमधील प्रदर्शन आणि छापील ग्रंथ. पारोच्या हातात काय होते?

समाधीची साक्ष

पारोविषयी निश्चित म्हणता येईल असे साधन म्हणजे अजिंठा गावातील तिची समाधी. त्यावरील लेख इंग्रजीत आहे. त्यात तिचे नाव आहे, ती लेख कोरविणाऱ्याला प्रिय असल्याचे शब्द आहेत आणि २३ मे १८५६ ही मृत्यूची तारीख आहे. तिच्या तोंडचे एकही वाक्य उपलब्ध नाही. ती कोणत्या गावची, कोणत्या जमातीची, गिलकडे कशी आली, यांविषयी परिसरात आख्यायिका आहेत आणि काव्याने त्यांना रूप दिले आहे. समाधीच्या दगडाला त्यांपैकी काहीही ठाऊक नाही. तो दगडही पाहणाऱ्यानेच बसविला. तिची भाषा इंग्रजी नव्हती. तिच्या मृत्यूची नोंद मात्र त्या भाषेत झाली, म्हणजे तिच्या आप्तांना ती वाचता येण्याजोगी नव्हती.

असे असूनही हा दगड क्षुल्लक मानता येणार नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला त्याचे स्थान काय होते, हे पाहिले पाहिजे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात कंपनीचे अधिकारी आपल्या हिंदी सहचारिणींचा उल्लेख मृत्युपत्रांत मोकळेपणाने करीत असत. १७९० च्या दशकापासून मिश्र संततीला कंपनीच्या नोकरीची दारे बंद होत गेली आणि हे संबंध हळूहळू लपविण्याचे विषय बनले. १८५६ हे तर उठावाच्या आदल्या वर्षाचे साल. अशा वेळी एका लष्करी अधिकाऱ्याने स्थानिक स्त्रीविषयीचे प्रेम उघड्यावर, दगडात कोरून ठेवणे हे त्या काळाच्या शिरस्त्याविरुद्ध होते. गिलची इंग्लिश पत्नी होती, मुले होती, हे लक्षात घेता तर विशेषच. (कवितेच्या आणि चित्रपटाच्या उजेडात या इंग्लिश पत्नीकडे कोणाचेही लक्ष जात नाही. एकटेपणाचा हिशेब मांडायचा तर तिचेही नाव त्यात घालावे लागेल.) तेव्हा समाधी एवढे सिद्ध करते की गिलला पारो प्रिय होती आणि ते सांगण्याची त्याला लाज वाटली नाही. पारोला गिल प्रिय होता काय, या प्रश्नाला तो दगड उत्तर देत नाही आणि देऊही शकत नाही.

याउलट एक उदाहरण याच निजामी मुलखातले आहे. हैदराबादचा ब्रिटिश रेसिडेंट जेम्स अकिलीस कर्कपॅट्रिक आणि तेथील उमराव घराण्यातील खैरुन्निसा यांच्या विवाहाची कथा विल्यम डॅलरिंपल यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सविस्तर मांडली आहे. या प्रकरणाची कंपनीने चौकशी केली, त्यामुळे कागद निर्माण झाले. त्यांतून असे दिसते की आधी पाहिले ते खैरुन्निसाने : बहिणीच्या विवाहप्रसंगी पडद्याआडून तिची नजर रेसिडेंटवर गेली आणि पुढचा पुढाकारही तिच्याकडून झाला. जनानखान्याचा पडदा हा स्त्रीला लपविण्यासाठी असतो, असे आपण मानतो. येथे त्याच पडद्याने तिला न दिसता पाहण्याची सोय करून दिली. खैरुन्निसाची अभिलाषा आज आपल्याला ज्ञात आहे, याचे कारण ती खानदानी होती आणि तिच्यामुळे राज्यकर्त्यांना चिंता वाटली. पारोमुळे कोणाच्याही राजकारणाला धोका नव्हता. तिच्याविषयी चौकशी झाली नाही, म्हणून तिची कैफियतही नोंदली गेली नाही. सत्तेला ज्यांची भीती वाटते त्यांचेच शब्द दप्तरात उतरतात, हा साधनांचा पक्षपात आपल्या विषयात वारंवार भेटतो.

पाहण्याची जुनी रीत

स्त्रीने पाहणे हे आपल्या प्रदेशाला नवे नाही. प्रतिष्ठानच्या सातवाहनांशी जोडल्या गेलेल्या 'गाथासप्तशती'त महाराष्ट्री प्राकृतातील शेकडो गाथा एकाकी स्त्रीच्या दृष्टीने रचलेल्या आहेत. स. आ. जोगळेकर यांच्या १९५६ च्या आवृत्तीमुळे मराठी वाचकाला त्यांचा परिचय आहे. प्रवासाला गेलेल्या पतीची वाट पाहणारी, कुंपणाच्या फटीतून वाटसरूला निरखणारी, शेजारणीची नजर चुकविणारी अशी कितीतरी स्त्री-रूपे तेथे भेटतात. पाणपोईवरचा प्रसंग तर प्रसिद्धच आहे : वाटसरू ओंजळीची बोटे विरल करून वर पाहत पाणी पितो आणि पाणी घालणारी स्त्रीही धार बारीक करते. दोघांनाही तहान लांबवायची आहे. पाहणारा आणि पाहिली जाणारी असे दोन पक्ष तेथे उरतच नाहीत. पैठण ते अजिंठा हे अंतर एका जिल्ह्याच्या आतले. पण या गाथेतील परस्परांची नजर आणि स्टिरिओस्कोपमधील एकतर्फी नजर यांतील अंतर मोजणे सोपे नाही.

खुद्द लेण्यांतही पाहण्याचा प्रश्न अनुत्तरित नव्हता. पाली विनयातील चुल्लवग्गात विहाराच्या भिंतींवर स्त्री-पुरुषांची चित्रे काढविणाऱ्या भिक्षूंची कथा आहे. बुद्धांनी अशा चित्रांना मनाई करून वेलबुट्टीला अनुमती दिल्याचे तेथे सांगितले आहे. अजिंठ्याच्या कलावंतांनी आणि दात्यांनी ही मर्यादा मानलेली दिसत नाही. सतराव्या लेण्यात आरशात पाहून शृंगार करणारी राजकन्या आहे, पहिल्या लेण्यात राज्यत्याग करू पाहणाऱ्या महाजनकाला रिझविणारी राणी आहे. या दालनांच्या तिन्ही बाजूंना भिक्षूंच्या खोल्या आहेत. ब्रह्मचर्याचे व्रत घेतलेला भिक्षू आपल्या कोठडीचे दार उघडे, तेव्हा समोर हे जग असे. अशा चित्रांनी त्याची परीक्षा होत असे की त्याला वैराग्याचा धडा मिळत असे, यावर मतभेद संभवतात. प्रस्तुत लेखकास दोन्ही गोष्टी एकाच वेळी होत असाव्यात असे वाटते. दाते तरी कोठे विरक्त होते? सतराव्या लेण्याच्या शिलालेखात दात्याचा रविसांब नावाचा धाकटा भाऊ अकाली गेल्याचे दुःख नोंदलेले आहे. शोक करणाऱ्या माणसाने पैसा दिला आणि त्यातून ही भरलेली, गजबजलेली भिंत उभी राहिली.

सोळाव्या लेण्यातील एक चित्र या संदर्भात विशेष महत्त्वाचे आहे. आसनावर कलंडलेली, मान टाकलेली स्त्री आणि तिच्याभोवती चिंतातुर दासी असे ते दृश्य. जॉन ग्रिफिथ्स याने त्यातील करुणेची वाखाणणी केली आणि ते 'मरणासन्न राजकन्या' या नावाने जगभर प्रसिद्ध झाले. पुढील अभ्यासकांनी दाखवून दिले की ती मरत नाही. ती सुंदरी आहे, बुद्धांचा सावत्र भाऊ नंद याची पत्नी. भिक्षेसाठी आलेल्या बुद्धांच्या मागे गेलेला नंद परतला नाही, त्याचे मुंडन झाले आणि त्याचा मुकुट तेवढा घरी परत आला. अश्वघोषाच्या 'सौन्दरनन्द' काव्याने ही कथा सर्वपरिचित केली आहे. म्हणजे एकोणिसाव्या शतकातील पाहणाऱ्याला जो मृत्यू वाटला, तो वास्तविक जिवंत स्त्रीचा एकटेपणा होता. चित्रातील रेषा त्याने अचूक उतरवून घेतल्या आणि तिच्या दुःखाचे नाव चुकीचे लिहिले. पाहण्यातले कौशल्य आणि समजणे यांत केवढे अंतर राहू शकते, याचा याहून नेमका दाखला अजिंठ्यात दुसरा नाही.

गिलनंतरचे डोळे

गिलच्या मागून आलेल्यांची हकीकत येथे त्रोटकपणेच देता येईल. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेतील ग्रिफिथ्स याने आपल्या विद्यार्थ्यांसह १८७२ ते १८८५ या काळात नव्याने नकला केल्या; त्यांपैकी कित्येक १८८५ साली लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयातील आगीत नष्ट झाल्या. १९०९ ते १९११ या काळातील दोन हिवाळ्यांत लेडी क्रिस्तियाना हेरिंगहॅम आल्या. त्यांच्यासोबत नंदलाल बोस, असितकुमार हलदार यांच्यासारखे तरुण बंगाली चित्रकार आणि हैदराबादचे सय्यद अहमद व मुहम्मद फजलुद्दीन होते. हेरिंगहॅम यांचे पुढील आयुष्य या निबंधाच्या विषयाशी थेट निगडित आहे. इंग्लंडला परतल्यावर, कोणीतरी आपला पाठलाग करीत आहे, आपल्यावर आरोप ठेवीत आहे, अशा भ्रमाने त्यांना ग्रासले आणि १९२९ मधील मृत्यूपर्यंतचा काळ त्यांना मनोरुग्णांच्या शुश्रूषागृहांत काढावा लागला. त्यांच्या आजाराचे कारण अजिंठ्यात शोधणे हे धाडसाचे होईल. तथापि महिनोन्महिने भिंतीवरील डोळ्यांकडे पाहणाऱ्या स्त्रीला अखेरीस आपल्यावरच डोळे रोखलेले आहेत असे वाटावे, ही गोष्ट अभ्यासकाच्या मनात रेंगाळल्याखेरीज राहत नाही.

अजिंठ्याला जपानची नजर लागली ती १९१७-१८ च्या हिवाळ्यात. रवींद्रनाथांच्या निमंत्रणावरून कलकत्त्यास आलेले चित्रकार अराई कांपो यांनी 'कोक्का' या जपानी कलापत्रिकेच्या वतीने आपल्या सहकाऱ्यांसह येथे नकला केल्या. नारा येथील होर्यू-जी मंदिरातील भित्तिचित्रांचे अजिंठ्याशी असलेले साम्य जपानी विद्वानांना खुणावत होते. अराईंच्या नकला टोकियोच्या विद्यापीठात ठेवल्या गेल्या आणि सप्टेंबर १९२३ च्या महाभूकंपानंतरच्या आगीत जळून गेल्या. १९४० मध्ये होर्यू-जीच्या चित्रांच्या नकला करण्याचे काम सुरू झाले, त्याच्या प्रमुखांत अराई होते. १९४५ साली त्यांचे निधन झाले तेव्हा ते काम अपुरे होते. २६ जानेवारी १९४९ रोजी होर्यू-जीतील मूळ चित्रेच आगीत होरपळली. या आघातानंतर जपानने १९५० मध्ये सांस्कृतिक वारशाच्या संरक्षणाचा कायदा केला. पुढे जपानच्याच कर्जसाहाय्याने झालेल्या विकास प्रकल्पातून फर्दापूरजवळील अभ्यागत केंद्रात १, २, १६ आणि १७ क्रमांकांच्या लेण्यांच्या प्रतिकृती उभारण्यात आल्या. नकलांची ही परंपरा गिलपासून सुरू झाली, एवढे श्रेय त्याला द्यावेच लागेल.

चित्रपटाने केलेली निवड

आता पुन्हा २०१२ च्या चित्रपटाकडे वळता येईल. चित्रपटकर्त्यांसमोर एक मुका दगड होता. त्यांनी त्या दगडाला वाचा दिली, पारोला गाणी दिली, निसर्गाची संगत दिली. कौशल इनामदार यांच्या संगीताने ती गाणी श्रवणीय झाली आहेत. लोकस्मृतीच्या दृष्टीने हे मोठेच कार्य होय. एका विस्मृत स्त्रीचे नाव त्यामुळे महाराष्ट्रभर पोहोचले. प्रश्न असा की, तिला दिलेली वाचा कोणाची आहे? प्रेमकथेच्या चौकटीत पारोने गिलवर प्रेम करणे अपरिहार्य ठरते. तिने त्याला भ्यावे, त्याच्याकडे आश्रय म्हणून पाहावे, त्याच्या घरात पगारी कामावर असावे किंवा त्याच्यावर खरोखरच जीव लावावा, या सर्व शक्यता १८५६ च्या दगडाने खुल्या ठेवल्या होत्या. चित्रपटाने त्यांतील एक स्वीकारली आणि बाकीच्या मिटविल्या. तेशिगाहारांच्या वाळूतल्या स्त्रीला नकार देण्याची जागा कथेने ठेवली होती. मराठी पडद्यावरील पारोला ती मिळालेली दिसत नाही, कारण तिने नकार दिला तर गिल हा प्रियकर राहत नाही, केवळ पाहणारा उरतो.

कवीला हा अधिकार आहे. अध्यापकाला तो नाही. वर्गात पारोची कथा सांगताना कोठपर्यंत दगड आणि कोठून पुढे कविता, ही सीमारेषा फळ्यावर आखून दाखविणे हे आपले काम आहे. विशेषतः समोरच्या बाकांवर त्याच परिसरातील सोयगाव, सिल्लोड, फर्दापूर येथून आलेल्या मुली बसलेल्या असताना.

या दिशेने करता येण्याजोगे काही काम आपल्या आवाक्यात आहे. अजिंठा, लेणापूर आणि फर्दापूर या गावांतील वृद्धांकडून पारोविषयीची मौखिक परंपरा, सांगणाऱ्याचे नाव, वय व गाव यांसह, पदव्युत्तर विद्यार्थ्यांकडून नोंदवून घेता येईल. चित्रपटापूर्वी ऐकलेले आणि त्यानंतर ऐकलेले असे वेगळे रकाने त्यात ठेवावे लागतील. निजामी राजवटीतील अजिंठा परगण्याचे फारसी व उर्दू दप्तर हैदराबादच्या अभिलेखागारात पाहावयास हवे. बारादरीत राहणाऱ्या गोऱ्या साहेबाला धान्य, लाकूड, हमाल कोणी पुरविले, याच्या नोंदीत कोठेतरी त्या घरातील माणसे असण्याचा संभव आहे. गिलच्या स्टिरिओस्कोपिक छायाचित्रांत वास्तूंच्या पायथ्याशी प्रमाण दाखविण्यासाठी उभी केलेली किंवा बसविलेली स्थानिक माणसे दिसतात. त्यांच्याकडे आजवर कोणी वास्तूपासून वेगळे करून पाहिलेले नाही. ती छायाचित्रे पारोच्या मृत्यूनंतरची आहेत, म्हणून तिचा चेहरा त्यांत शोधण्यात अर्थ नाही. तिच्या शेजारपाजारचे चेहरे मात्र त्यांत असू शकतील.

गिल १८७९ साली मरण पावला. त्याची कबर भुसावळला आहे, पारोची अजिंठ्याला.